शालू नेसलेलं पोतं

लग्नाच्या यादीत येसाजीला एकच काम हवं होतं आणि नेमकं तेच सोडून बाकीची सगळी कामं त्याच्या नावावर लिहिली गेली होती. पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडणं, आहेराच्या टेबलापाशी बसणं, म्हाताऱ्या मंडळींशी गप्पा मारणं. सगळी बसून करायची कामं. त्याची थोरली बहीण मथुरा यादी वाचून दाखवत होती आणि वाचताना एकदाही मान वर करत नव्हती. कुठंतरी पाणी मुरतंय हे कळायला त्याला तेवढं पुरेसं होतं.

"आणि चंदनाला मांडवात कोण आणणार, अक्का?" त्यानं विचारलं.

"तेच सांगत होते." मथुराक्कानं चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता. "पुण्याच्या लोकांत मामा नवरीला उचलून आणत नाहीत रे. नुसता हात धरून आणतात. ऋतुराजचे काका म्हणत होते, ॲक्च्युअली याची काही गरज नसते. मलाही सरी, बरोबर वाटलं ते. या वेळी आपणही तसंच करू."

चंदना ही मथुराक्काची एकुलती एक मुलगी. तिचा होणारा नवरा ऋतुराज मूळचा पुण्याचा. व्हाइटफील्डला एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला. मुलगा गुणी होता, तक्रारीला जागा नव्हती. पण येसाजीचं घराणं शहाजीराजांच्या काळापासून बंगळुरात मुरलेलं, आणि त्यांच्यात नवरीला गौरीहराच्या खोलीतून मामानं दोन्ही हातांवर उचलून आणायचं, पाटावर उभी करायची, तोवर तिचे पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत, असा रिवाज होता. चंदना चार वर्षांची असताना येसाजी तिला खांद्यावर घेऊन लालबाग फिरवायचा आणि म्हणायचा, "लग्नातही मीच नेणार तुला." पुण्याच्या काकांचा आज एवढा पुळका का आला होता, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. कारण त्याच्या पँटच्या डाव्या पायात होतं.

"पूर्वीचाच रिवाज ठेवायचा म्हटलं तर बसवंत आहे," मथुराक्का पुढं म्हणाली. बसवंत हा त्यांचा चुलतभाऊ, गांधीबाजारात पूजेच्या सामानाचं दुकान चालवणारा, अंगानं दणकट. "तोही मामाच की."

"मी उचलणार."

"येसू, ऐक. तू पडलास तर तुला उचलायला शंभर माणसं धावतील. पण तिच्या लग्नातलं लोकांच्या लक्षात तेवढंच राहील. जन्मभर. तुला चालेल?"

हे त्याला लागलं, कारण ते खरं होतं. त्यानं तिच्या हातातली यादी घेऊन खिशात घातली आणि मथुराक्कानं ते होकारात धरलं. सख्ख्या भावाला ती अडतीस वर्षं ओळखत होती, तरी तिनं ही चूक केली.

अठराव्या वर्षी हाच येसाजी घरात कोणाला न सांगता फौजेत भरती झाला होता. पुढं पॅरा कमांडो झाला. आपण बसमधून उतरतो तितक्या सहज तो विमानातून उतरायला लागला. एकशे बेचाळीस उड्या त्याच्या नावावर होत्या. एकशे त्रेचाळिसावी राहिली, कारण पंच्याण्णव सालच्या उन्हाळ्यात सीमेवरच्या एका पायवाटेत सुरुंग पुरलेला होता आणि तो त्याच्या डाव्या पायाखाली आला. गुडघ्याखालचा पाय गेला. फौजेनं पदक दिलं, पेन्शन दिली, नवा पाय बसवून दिला आणि बनशंकरीला आईकडे पाठवून दिलं.

तेव्हापासून सगळे त्याला उचलत होते. एका सोबत्यानं खांद्यावर टाकून दोन कोस आणलं, मग स्ट्रेचरवाल्यांनी उचललं, मग आगगाडीत हमालानं. आता बसमध्ये अनोळखी माणसं काखेत हात घालून "निधाना सर, निधाना" म्हणत त्याला सावकाश वर चढवायची. माणसं चांगली होती. त्याला त्यांचा राग येत नसे. पण दोन वर्षांत आपण कोणाचं काही उचललेलं नाही, ही गोष्ट त्याला आतून कुरतडत होती. फौजेच्या सवयीनं पहाटे पाचला डोळा उघडायचा आणि उठायचं कशासाठी हे न कळून तो सहापर्यंत छताकडं बघत पडून राहायचा.

यादी वाचली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो पाचला उठला आणि लगेच कामाला लागला. लग्नाला तीन महिने होते.

पहिली गरज होती माहितीची. चंदनाला घेऊन तो बस स्टँडवर गेला. तिथं एक रुपया टाकला की दिवे लुकलुकवून तिकीट देणारं वजनाचं यंत्र होतं.

"मामा, हे कशाला?" चंदनानं विचारलं.

"मागं भविष्य छापलेलं असतं. बघू तुझं काय येतंय."

भविष्य आलं, 'तुमचा स्वभाव प्रेमळ आहे पण खर्चावर ताबा ठेवा.' दुसऱ्या बाजूला आलं चौपन्न किलो. येसाजीनं ते तिकीट इतक्या जपून खिशात ठेवलं की चंदनाला शंका आलीच. पण भाची मामासारखीच होती, मनातलं मनात ठेवणारी.

चौपन्न किलो नवरी, वर साडी, दागिने, हार, बाशिंग. येसाजीनं साठ धरले. कोपऱ्यावरच्या दुकानातून तांदूळ आणला आणि पहाटे गच्चीवर कवायत सुरू केली. आधी पंचवीस किलोचं पोतं, मग पस्तीस. पहिल्या आठवड्यात तो दोनदा आपटला. गुडघ्याखाली फोड आले तेव्हा दोन मोजे चढवले. एकदा पोतं फाटून तांदूळ गच्चीभर सांडला आणि गल्लीतल्या चिमण्यांनी दिवाळी साजरी केली. पण पाचच्या ऐवजी आता साडेचारलाच डोळा उघडू लागला होता, आणि छताकडं बघायला वेळ नव्हता.

एका सकाळी त्याची आई, सत्तरीच्या अंबुबाई, कॉफीचा लोटा घेऊन धापा टाकत वर आल्या. लेक पोतं हातांवर घेऊन उभा होता.

"हे काय?"

"तांदूळ."

"ते दिसतंय मला. कशासाठी?"

"चंदनासाठी."

अंबुबाईंनी लोटा कठड्यावर ठेवला. आता रडारड होणार असं येसाजीला वाटलं. अंबुबाईंनी त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि नाक मुरडलं.

"हमालासारखं काय धरलंयस? नवरी असते ती. आणि तागाच्या पोत्यावर काय सराव करतोस? ताग हाताला धरतो. नवरी रेशमात असते, रेशीम निसटतं."

त्या खाली गेल्या आणि ट्रंक उघडून आपल्या लग्नातला धर्मावरमचा शालू घेऊन वर आल्या. पोत्याला त्यांनी तो नीट निऱ्या काढून नेसवला. मग जरा मागं सरून बघितलं.

"डोकं नको का हिला?" त्या म्हणाल्या, आणि नारळ फडक्यात गुंडाळून पोत्याच्या तोंडाशी बांधला. "मान सांभाळून धर. मुंडावळ्या विस्कटल्या तर मथुरा तुला जिवंत ठेवायची नाही."

अंबुबाईंचं म्हणणं खरं निघालं. शालू नेसवल्याबरोबर पोतं साबणासारखं सटकायला लागलं. येसाजीला हात कुठं, कोपर कुठं, हे सगळं नव्यानं बसवावं लागलं. अंबुबाई रोज कठड्यापाशी स्टूल टाकून बसायच्या, पावलं मोजायच्या आणि पोतं न पडता पाटावर उतरलं की टाळ्या वाजवायच्या. आई आणि मुलगा इतकं एकमेकांशी हसले, असं त्या घरात बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं.

आता एक गोष्ट इथंच सांगून ठेवली पाहिजे. त्या नव्या पायाला बुटाशिवाय चालता येत नसे. बुटाच्या टाचेची उंची धरूनच तो जुळवलेला होता. बूट काढला की पाय मागं कलायचा आणि पायाबरोबर येसाजीही. त्यामुळं त्याच्या बुटांना घरात मोकळीक होती. सुरुवातीला अंबुबाईंनी कपाळाला हात लावला, मग उंबऱ्याशी एक ओलं फडकं ठेवलं. बूट त्यावर पुसायचे आणि आत यायचं. फक्त देवघरात तो जात नसे, बाहेरून हात जोडायचा. दोन वर्षांत ते बूट घरातल्यांना दिसेनासे झाले.

गच्चीवरचं दिसत होतं ते समोरच्या घरातल्या कस्तुरीबाईंना, आणि तेही अर्धवट. पहाटेचा अंधुक उजेड, मधे नारळाचं झाड. त्यांनी जे.पी. नगरला मथुराक्काला फोन लावला.

"सांगू नये, पण सांगते," कस्तुरीबाई म्हणाल्या. "तुमचा भाऊ रोज पहाटे गच्चीवर एका बाईला उचलून फेऱ्या मारतो. चांगली शालू नेसलेली बाई आहे. आणि तुमच्या आई शेजारी बसून टाळ्या वाजवतात."

मथुराक्का दुसऱ्या दिवशी पहाटे रिक्षा करून बनशंकरीला पोचली. येसाजीनं लग्न करावं अशी तिची दहा वर्षांची इच्छा होती, पण असं नव्हे. जिना चढताना तिनं तीन-चार कडक वाक्यं तयार केली होती. वर आली तेव्हा येसाजी पाठमोरा होता, त्याच्या कोपराबाहेर जरीचा पदर लोंबत होता आणि अंबुबाई मोजत होत्या, "सतरा, अठरा, एकोणीस." येसाजीनं विटांच्या दोन पायऱ्या चढून ती बाई अलगद पाटावर उतरवली, तिचा पदर सारखा केला आणि मग तिची मान हातानं धरून ठेवली, कारण नारळ कलला होता.

मथुराक्कानं नारळ पाहिला. मग शालू ओळखला. मग ती गच्चीच्या दाराशीच मटकन खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता केव्हा रडायला लागली ते तिलाही कळलं नाही.

"अय्यो, येसू," ती डोळे पुसत म्हणाली. "किती किलो आहे ही?"

"साठ."

"पडली कधी?"

"गेल्या बावीस दिवसांत एकदाही नाही."

मथुराक्का उठली. पोत्याचा पदर तिनं नीट खोचला, जणू खरीच कोणी उभी होती. "बसवंत मागं चालेल," ती म्हणाली. "एवढं माझ्यासाठी कर."

"चालू दे. स्वल्प अंतर ठेवून."

त्यानंतर चोरी उरली नाही आणि येसाजीनं तयारी फौजेच्या थाटात केली. मंगल कार्यालय त्याच भागात होतं. तिथं तो आधी गुपचूप जाऊन आला होता, आता आणखी तीनदा गेला. गौरीहराच्या खोलीपासून मांडवापर्यंत एकोणीस पावलं, दोन पायऱ्या, मधे डावीकडं एक खांब. गच्चीवर त्यानं रांगोळीनं सगळा नकाशा आखला. कार्यालयाची फरशी गुळगुळीत ग्रॅनाईटची होती, म्हणून चांभाराकडून बुटांना खाचा पाडलेलं जाड रबर लावून घेतलं. पाऊस आला तर काय, वीज गेली तर काय, बँडवाला दचकवेल त्याचं काय, सगळं लिहून काढलं. शत्रूच्या हद्दीत उतरायला त्यानं याहून कमी तयारी केली असेल.

माघातला मुहूर्त, सकाळी दहा चाळीसचा. दहा पंचवीसला येसाजी रेशमी फेटा बांधून गौरीहराच्या खोलीशी आला. आत चंदना पिवळ्या साडीत पाटावर बसून गौरीला एकेक तांदूळ वाहत होती. येसाजी उंबऱ्याशी आला आणि घरच्या देवघरासमोर थांबायचा तसा, सवयीनं, थांबला. आत देव होता. बूट घालून आत कसं जायचं?

आणि मग त्याच्या लक्षात आलं. मांडवातही देव होते. तिथं अग्नी पेटायचा होता. त्यानं वळून पाहिलं. मांडवाच्या पायऱ्यांशी चपलांचा हा ढीग पडला होता, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत शुभकार्याला उभा असलेला एकही माणूस पायात काही घालून नव्हता. फक्त त्याचे बूट आदल्या दिवशी केलेल्या पॉलिशनं चमकत होते.

तीन महिने त्यानं वीज, पाऊस आणि बँडवाला यांचा विचार केला होता. चपला काढतात हे त्याच्या, त्याच्या आईच्या, बहिणीच्या, कोणाच्या म्हणजे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. घरातल्या सगळ्यांना तो बूट पायच वाटत होता.

"बसवंत, जरा धर," तो म्हणाला. खुर्चीवर बसून त्यानं दोन्ही बूट काढले आणि उभा राहिला. डावा पाय मागं कलला. तो सरळ पाठीवर गेला असता, पण बसवंतनं काखेत हात घालून त्याला वरच्या वर धरलं. पुन्हा कोणीतरी त्याला उचललं होतं. येसाजी खुर्चीवर बसला आणि त्यानं फेटा डोळ्यांवरून मागं सारला.

"तू ने तिला," तो हळूच म्हणाला. "मी तिचं लग्न बिघडवणार नाही."

बसवंत पांढराफटक पडला. "मी? अण्णा, माझी कंबर धरलीय आठ दिवस. बायकोलासुद्धा बोललो नाही. मी फक्त मागं चालणार होतो!"

"मी बसवंतमामाबरोबर येणार नाही," आतून चंदना म्हणाली. गौरीला तांदूळ वाहणं तिनं थांबवलं नव्हतं, पण आवाज चढला होता. "मी इथंच बसते. मुहूर्त जाऊ दे."

आरडाओरडा ऐकून अंबुबाई आल्या, मथुराक्का आली आणि त्यांच्यापाठोपाठ लग्न लावणारे त्रिविक्रमशास्त्री घड्याळ बघत आले. अंबुबाईंनी परिस्थिती एका नजरेत टिपली आणि थेट शास्त्रीबुवांनाच धरलं.

"बूट घालूनच जाईल तो. लाकडाच्या पायाला घातलेला बूट हा बूट होतो का? टेबलाच्या पायाला रबर लावतात, त्याला कोणी चप्पल म्हणतं का?"

शास्त्रीबुवांना हसू आवरेना. "अंबुबाई, रबराला माझी ना नाही. पण चामडं आहे ते. अग्नीपाशी चामडं कसं चालेल?"

"म्हणजे चामडं नको," येसाजी म्हणाला. त्यानं मान वर केली होती. दोन वर्षं बंद पडलेलं यंत्र सुरू व्हावं तसा मथुराक्काला त्याचा चेहरा दिसला. लहानपणी झाडावर चढायची वाट शोधताना तो असाच दिसायचा. त्याची नजर मांडवाच्या दाराकडं गेली. दोन्ही बाजूंना केळीचे उंच खुंट उभे केले होते आणि ते काथ्याच्या दोरीनं खांबांना आवळलेले होते.

"काथ्या चालेल का, गुरुजी?"

"काथ्या म्हणजे नारळच की. नारळाला कोण नको म्हणेल?" शास्त्रीबुवा म्हणाले. "पण नऊ मिनिटं आहेत."

बसवंत कंबर विसरून धावला. त्यानं दोरी सोडली तसा केळीचा खुंट घोसासकट कलला आणि तिथं उभ्या असलेल्या पुण्याच्या काकांच्या अंगावर आला. श्रीरंगकाकांनी तो मिठी मारून धरला.

"ॲक्च्युअली हे किती वेळ धरायचं?" त्यांनी विचारलं.

"मंगलाष्टकं होईपर्यंत," बसवंत पळता पळता म्हणाला.

दोर हातात आला आणि येसाजीची बोटं आपोआप चालायला लागली. अठरा वर्षं त्यानं दोरावर जीव टाकला होता. टाचेखाली त्यानं काथ्याचे वेढे एकावर एक घट्ट घातले, दोन बोटं उंची भरली, चवड्यालाही चार वेढे दिले, घोट्याशी गाठ मारून टोक आत खुपसलं. उभा राहिला. पाय कलला नाही. त्यानं ग्रॅनाईटवर पाऊल घासून बघितलं. काथ्यानं फरशी अशी धरली की चांभाराच्या रबराला लाज वाटावी.

मांडवातून शास्त्रीबुवांचा आवाज आला. "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!"

येसाजी खोलीत गेला. दोन वर्षांत पहिल्यांदा तो देवापाशी आतपर्यंत गेला होता. त्यानं गौरीला हात जोडले, गुडघा वाकवला, एक हात चंदनाच्या पाठीमागं, एक गुडघ्यांखाली, अंबुबाईंनी शिकवलं होतं तसा, मान सांभाळून. साठ किलोच्या हिशेबानं त्यानं श्वास घेतला आणि उचललं.

चंदना इतक्या झटक्यात वर आली की तो दचकला.

"तू आजारी आहेस का?" पहिलं पाऊल टाकता टाकता त्यानं कुजबुजून विचारलं.

"नाही."

"मग वजन कुठं गेलं?"

"काल परत त्या यंत्रावर जाऊन आले," बाशिंगाआडून चंदना म्हणाली. "अठ्ठेचाळीस. तीन महिने डोसा नाही, गोड नाही, भाताला एकच वाटी. तुम्ही तिकीट खिशात ठेवलंत तेव्हाच कळलं मला. म्हटलं, तुम्हाला जड व्हायला नको."

"अगं वेडे, मी साठवर सराव केलाय!"

"मला कोणी सांगितलं का?"

येसाजीला हसू फुटलं. सगळं कार्यालय श्वास रोखून त्याच्या पायाकडं बघत होतं आणि नवरीचा मामा खदखदा हसत चालला होता. हसण्यात पावलं मोजायची राहिली. खांब मागं गेला. कोणीतरी उधळलेल्या ओल्या फुलांवर काथ्याचं पाऊल पडलं आणि रुतून बसल्यासारखं स्थिर राहिलं. मागून बसवंत कंबरेवर हात ठेवून येत होता. पहिली पायरी. दुसरी. अंतरपाटाच्या अलीकडं पाट होता. येसाजीनं चंदनाला त्यावर उभी केली, पदर सारखा केला, आणि सवयीनं तिची मान धरून ठेवली.

"मामा, मान सोडा," चंदना म्हणाली. "ती माझीच आहे."

त्यानं मान सोडली. चंदनाचा पाय जमिनीला लागला नव्हता. येसाजी तिच्या मागं उभा राहिला, मंगलाष्टकं सुरू झाली आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यानं ते पुसलं नाही. त्याला फार आनंद झाला होता आणि तो लपवावा असं त्याला वाटलं नाही. समोर मथुराक्का अक्षता टाकायच्या विसरून त्याच्याकडंच बघत होती. दाराशी श्रीरंगकाका केळीच्या झाडाला धरून एका हातानं अक्षता उधळत होते.

दुपारी पंगती बसल्या. चंदनानं एकापाठोपाठ एक चार पुरणपोळ्या खाल्ल्या आणि पाचवीला हात पुढं केला. ऋतुराज थक्क होऊन बघत राहिला. बिचाऱ्याला वाटत होतं, आपली बायको कमी खाणारी आहे. जो तो येसाजीच्या पाठीवर थाप मारून जात होता. कस्तुरीबाईंनी खास येऊन, झालं गेलं मनात ठेवू नका, असं सांगितलं.

येसाजी पानावर बसला होता. पुरणपोळीवर तुपाची धार पडत होती, आणि मधेच त्याच्या मनात आलं की उद्या पहाटे साडेचारला आपला डोळा उघडेल. मग? पोतं रिकामं करून तांदूळ घरात घ्यायचा. गच्चीवरची रांगोळी पुसायची. आणि सहापर्यंत छताकडं बघायचं. घास त्याच्या हातातच राहिला.

समोर कोणीतरी येऊन उभं राहिलं. नात्यातलेच उल्हासराव, म्हणजे लांबचे. त्यांना काहीतरी बोलायचं होतं आणि जमत नव्हतं.

"येसाजीराव, राग मानू नका," अखेर ते म्हणाले. "आमच्या भार्गवीचं वैशाखात लग्न आहे. तिला सख्खा, चुलत, कुठलाच मामा नाही. तिनं आज तुम्हाला पाहिलं आणि हट्टच धरलाय. मी तिला म्हटलं, असं कोणालाही कसं विचारायचं, त्यांचा पाय..."

ते तिथंच अडखळले.  येसाजीनं हातातला घास तोंडात घातला, सावकाश चावून गिळला आणि वर बघितलं.

"वजन किती?" त्यानं विचारलं.